पासंग

वीस वर्षं सुताच्या गोदामात काटा धरला मी,
अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत.
लडी पारड्यात पडायच्या आधीच
खांद्याला कळायचं, किती भरणार.
आता घरी बसून वजनं करतो
न दिसणाऱ्या गोष्टींची.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
पहिल्या दिवसाचं हलकं, चौथ्या दिवसाचं जड.
पिंपाच्या बुडाशी बोट फिरवलं तर
बुळबुळीत काहीतरी लागतं,
ते किती भरेल?
सुमंगला पाणी उकळते. वीस मिनिटं.
सिलिंडर संपत आला की पंधरा.
मधल्या पाच मिनिटांबद्दल
आम्ही दोघंही बोलत नाही.

शेंगाचटणी बंद.
डॉक्टर कोनापुरे म्हणाले, दाण्यात बुरशी असली तर
तुमच्या जिभेलाही कळायचं नाही.
"सोलापुरात राहून शेंगाचटणी नाही?"
मेहुणा हसला, हसता हसता खोकला,
आणि माझी खुर्ची आपोआप मागे सरकली.
त्यानं ते पाहिलं.
ते वजन अजून पारड्यातून उतरलेलं नाही.

भाचीचं बाळ दीड महिन्याचं,
पोलिओचे थेंब परवाच पाजलेले.
"घ्या की ओ मामा."
थेंबातलं जिवंत काही बाळाच्या लंगोटात उतरतं
हे मला फाईलीतल्या कागदावरून माहीत.
बाळंतिणीला कसं सांगायचं?
म्हणालो, कंबर धरलीय.
बाळानं माझ्याकडे बघून
सावकाश जांभई दिली.

सकाळी नऊ, रात्री नऊ, गोळ्या.
त्या माझा पोत विरळ ठेवतात,
म्हणजे सुमंगलाचा धागा त्यात टिकेल.
पण विरळ पोतातून
बाकीचंही आत येतं. धूळ, उन्हाळा,
शेजारच्या पोराची सर्दी,
खिडकीवरचं कबुतर.
गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही यंदाही.
गच्चीवरून मोठ्या पाळण्याचे दिवे मोजले.
सतरा वेळा तो फिरला, मग डास आले.

कुठलाच काटा जन्मतः सरळ नसतो.
एक पारडं जड, म्हणून दुसऱ्याला
खडा बांधतात, पासंग.
माझा खडा उजव्या ओटीपोटात आहे,
कातडीखाली, हाताला लागतो.
तिचा आहे. तो धरून तोलायचं म्हटलं
की बाहेरचं सगळंच जड भरतं,
एक पाणीपुरी, एक मयत,
एका मित्राची मिठी.

काल चिदानंद आला. मंद्रूपहून, मोटारसायकलवर,
पोत्यात ज्वारीची कोवळी कणसं घेऊन.
त्याची अव्वा मागे बसलेली, ऐंशीची, मास्क हनुवटीला.
अंगणात त्यांनी गोवऱ्या पेटवल्या.
मी दारात उभा राहून हिशेब मांडला:
आर, म्हणजे जंतू मेले.
पण कणीस चोळायचं हातात.
हात, म्हणजे बस, नोटा, म्हशीची दोरी.
सुमंगला म्हणाली, "तुम्ही आपलं आपण चोळून खावा."
साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.
चोळायला गेलो तर तळहात भाजले,
गोळ्यांनी कातडी कागदासारखी झालीय.
अव्वानं काही विचारलं नाही.
माझ्या हातातलं कणीस घेतलं, चोळलं,
फू करून फोलपटं उडवली
(फुंकर! फुंकरीचं तर मी धरलंच नव्हतं)
आणि मूठ पुढे केली.

हिरवे, वाफाळते दाणे.
त्या मुठीच्या रेघांत काळं माखलेलं.
सुमंगला माझ्याकडे बघत होती,
हो नाही, नको नाही.
मी ओंजळ केली.

पहाटे तीनला उठून ताप बघितला.
अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.
वहीत लिहिलं.
पुढच्या रकान्यात काय खाल्लं ते लिहायचं असतं.
लिहिलं: हुरडा, दोन कणसं.
कुणाच्या हातचा,
तो रकाना वहीत नाही.